माहेर आणि मालकी

मराठी स्त्रीच्या ओवीची परंपरा किती जुनी आहे याचा एक प्राचीन पुरावा बाराव्या शतकातील आहे. कल्याणीच्या चालुक्य कुळातील राजा सोमेश्वर याने आपल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात महाराष्ट्रातील स्त्रिया कांडण करताना ओव्या गातात, असे नमूद करून ठेवले आहे. या नोंदीपासून मोजले तरी सुमारे नऊशे वर्षे हे कंठस्थ वाङ्मय स्त्रीच्या श्रमाला सोबत करीत आले आहे. विसाव्या शतकात साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये या ओव्यांचे संकलन केले, पुढे गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी हजाराहून अधिक गावांतून एक लाखाच्या वर ओव्या जमविल्या. या अफाट भांडारात सीता आहे, विठ्ठल-रखुमाई आहेत, आई आहे आणि लेकही आहे. परंतु त्यात पुनःपुन्हा आणि विशेष ठळकपणे येणारी व्यक्ती म्हणजे भाऊ. तो बहिणीला न्यावयास येतो, चोळीबांगडी करतो, भाऊबीजेला तिची वाट पाहतो. त्याच्या बैलजोडीचे, त्याच्या शिवाराचे, त्याच्या चिरेबंदी वाड्याचे वर्णन करताना जात्यावर बसलेल्या स्त्रीचा स्वर अभिमानाने भरून येतो.

या ओव्यांची रसिकतेने वाखाणणी झाली आहे आणि ती योग्यच आहे. तथापि इतिहासाच्या अभ्यासकाने येथे एक साधा प्रश्न विचारावयास हवा. ज्या शिवाराचे ही स्त्री इतक्या आपुलकीने वर्णन करते, ते शिवार भावाचेच का? लग्नापूर्वी तेथे तिनेही खुरपणी केली, कणसे मोडली, पाखरे राखली. सासरी आल्यावर तिने हीच कामे दुसऱ्या शेतात केली. पहिले शेत भावाचे झाले, दुसरे नवऱ्याचे अथवा सासऱ्याचे होते. दोन शिवारांत जन्म खर्ची घालणाऱ्या या स्त्रीच्या नावाची नोंद दोन्हीकडे नव्हती. ग्रामीण समाजातील स्त्री-पुरुष विषमतेची कारणे शोधताना रूढी, अज्ञान, अंधश्रद्धा यांचा उल्लेख नेहमी केला जातो. हे घटक महत्त्वाचे खरेच. पण ते ज्या पायावर उभे आहेत तो पाया म्हणजे श्रम आणि मालकी यांची ताटातूट होय. माहेरची माया आणि जमिनीची मालकी या दोन गोष्टींचा परस्परसंबंध उलगडल्याशिवाय ही ताटातूट इतकी दीर्घकाळ का टिकली, हे समजणे कठीण आहे.

प्रथम श्रमाचा विचार करू. कृषिसंस्कृतीत कामाची वाटणी आणि प्रतिष्ठेची वाटणी एकाच वेळी झाली. नांगर पुरुषाचा आणि खुरपे स्त्रीचे, ही विभागणी भारताच्या बहुतेक भागांत आढळते. स्त्रीने नांगराला हात लावणे अशुभ मानण्याचा संकेत अनेक प्रदेशांत होता. भाताची लावणी, निंदणी, कापणी, कापसाची वेचणी ही वाकून करावयाची, वेळखाऊ आणि कष्टाची कामे स्त्रियांकडे आली. पण ज्याच्या हाती नांगर तो ‘शेतकरी’ आणि बाकीचे त्याचे साहाय्यक, अशी धारणा रूढ झाली. भाषेनेही तिला दुजोरा दिला. ‘शेतकरी’ हा शब्द उच्चारताच आजही डोळ्यांपुढे पुरुषाची आकृती उभी राहते. स्त्रीचा उल्लेख करावयाचा तर ‘शेतकऱ्याची बायको’ म्हणावे लागते, किंवा ‘शेतकरी स्त्री’ असे विशेषण जोडावे लागते.

दुसरे कारण विवाहाच्या रीतीत आहे. इरावती कर्वे यांनी १९५३ साली प्रसिद्ध केलेल्या भारतीय नातेव्यवस्थेवरील ग्रंथात उत्तर आणि दक्षिण भारतातील भेद स्पष्ट केला. उत्तरेत मुलगी परक्या गावी, नात्याबाहेर दिली जाते. दक्षिणेत मामा-आत्यांच्या घरांतच सोयरिकी जुळतात. महाराष्ट्र या दोहोंच्या सीमेवर आहे. जेथे मुलगी दूरच्या, अनोळखी गावी जाते तेथे तिला जमीन देणे म्हणजे आपल्या शिवाराचा तुकडा परक्या कुळाच्या हाती देणे, असे भावकीला वाटणे स्वाभाविक होते. गावकीत ज्याची जमीन त्याचा शब्द, ही स्थिती असल्यामुळे जमीन कुळाबाहेर जाणे हे आर्थिक नुकसानीइतकेच प्रतिष्ठेचे नुकसान मानले गेले. मुलगी ‘परक्याचे धन’ ठरली ती या हिशेबातून.

शास्त्राने या व्यवहाराला आधार दिला हे खरे; पण शास्त्र एकसुरी नव्हते, हे विसरून चालणार नाही. याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिणारा विज्ञानेश्वर हा चालुक्यांच्या कल्याणीचाच. त्याने मुलाला वडिलार्जित मिळकतीत जन्मतः हक्क सांगितला आणि मुलीला तो दिला नाही. मात्र त्याच विज्ञानेश्वराने स्त्रीधनाची व्याख्या करताना वारसाने, खरेदीने वा वाटणीने स्त्रीकडे आलेल्या मिळकतीचाही तीत समावेश केला होता. ही उदार व्याख्या पुढे ब्रिटिश अमदानीतील सर्वोच्च न्यायपीठाने, म्हणजे प्रिव्ही कौन्सिलने, स्वीकारली नाही. मुंबई इलाख्यात, विशेषतः नीलकंठ भट्टांच्या ‘व्यवहारमयूख’ ग्रंथाच्या प्रभावामुळे, स्त्रीची स्थिती अन्य प्रांतांहून किंचित बरी होती. पुत्र आणि विधवा नसताना वारसाने मिळकत मुलीकडे आली तर तिच्यावर तिची संपूर्ण मालकी असे आणि बहिणीलाही वारसांच्या क्रमात स्थान होते. म्हणजे परंपरेत वाटा अनेक होत्या. कोणती वाट राजमार्ग ठरावी आणि कोणती बुजावी, याचा निर्णय इतिहासाच्या एका विशिष्ट टप्प्यावर झाला.

तो टप्पा एकोणिसाव्या शतकाचा. १८३०-४० च्या दशकात इंदापूर तालुक्यापासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांच्या पाहणीची पद्धत मुंबई इलाख्यात रूढ होऊ लागली. प्रत्येक शेताची मोजणी झाली, त्याला क्रमांक मिळाला, आकार ठरला आणि सारा भरण्यास जबाबदार असा एक खातेदार नोंदला गेला. हा खातेदार प्रायः घरातील कर्ता पुरुष असे. १९०३ च्या कायद्याने हक्कनोंदणीचे पत्रक आले आणि गावनमुना सात व गावनमुना बारा यांच्या जोडणीतून पुढे ‘सातबारा’ हा शब्द मराठी माणसाच्या तोंडी बसला. शेत कोण कसतो हे गावाला पाहून कळत होते; आता ते कोणाचे आहे हे कागद सांगू लागला. कागदावर ज्याचे नाव त्याला तगाई, त्यालाच कर्ज, त्यालाच पुढे सहकारी सोसायटीचे सभासदत्व. स्त्रीचे नाव प्रारंभीच न आल्यामुळे त्यानंतर उभ्या राहिलेल्या बहुतेक संस्थांच्या दारातून ती बाहेर राहिली.

कायद्याने ही स्थिती अधिक घट्ट केली. १८५६ चा विधवाविवाहाचा कायदा सुधारणेच्या इतिहासात गौरवाने सांगितला जातो. उच्चवर्णीय विधवेच्या दृष्टीने तो गौरव यथार्थ आहे. परंतु त्याच कायद्याच्या दुसऱ्या कलमाने पुनर्विवाह करणाऱ्या स्त्रीचा मृत पतीच्या मिळकतीवरील हक्क संपुष्टात आणला. कुणबी, माळी, धनगर आदी समाजांत ‘पाट’ अथवा ‘मोहतूर’ या नावाने विधवेचा पुनर्विवाह पूर्वापार चालत आलेला होता. त्यांना या कायद्याची गरजच नव्हती. तरीही मुंबई उच्च न्यायालयाने मिळकत गमावण्याचे कलम अशा समाजांतील स्त्रियांनाही लागू केले. अलाहाबाद उच्च न्यायालयाने नेमकी उलट भूमिका घेतली होती, हे लक्षात घेतले म्हणजे हा परिणाम अटळ नव्हता हे कळते. वतनांच्या बाबतीत तर १८८६ च्या मुंबईच्या कायद्याने स्पष्टच तरतूद केली. शेवटच्या पुरुष वतनदाराची विधवा वगळता वतनदार घराण्यातील प्रत्येक स्त्रीचा क्रम त्या घराण्यातील पात्र पुरुषांच्या मागे ठेवण्यात आला.

अन्य प्रांतांतही याच प्रकारची प्रक्रिया घडली. पंजाबात १८७२ च्या कायद्याने रूढीला निर्णायक स्थान दिले आणि जमाबंदी अधिकाऱ्यांनी गावोगावच्या रूढी ‘रिवाज-ए-आम’ या नावाने लिहून घेतल्या. रूढी कोणती, हे सांगणारे गावातील प्रतिष्ठित पुरुष होते. ज्या स्त्रियांच्या हक्काचा प्रश्न होता त्यांना कोणी विचारले नाही. मुलीला जमीन न देण्याची रूढी अशा रीतीने लेखनिविष्ट झाली आणि तिला न्यायालयाचे बळ मिळाले. केरळात मात्र मातृवंशीय मरुमक्कत्तायम् पद्धतीमुळे तरवाडाची मिळकत आईच्या वंशाने चालत असे. १९३३ साली अमलात आलेल्या मद्रासच्या कायद्याने तरवाडाच्या वाटणीचा मार्ग मोकळा केला आणि १९७५ च्या केरळच्या कायद्याने एकत्र कुटुंबपद्धतीच संपुष्टात आणली. जेथे स्त्रीच्या नावाने वंश आणि मिळकत ओळखली जात होती, तेथेही आधुनिक कायद्याची वाट पितृकेंद्री कुटुंबाकडेच वळली.

एकोणिसाव्या शतकातील सुधारकांनी हा प्रश्न का उचलला नाही, असे विचारणे अप्रस्तुत ठरणार नाही. केशवपन, बालविवाह, संमतिवय, स्त्रीशिक्षण या विषयांवर महाराष्ट्रात जी चर्चा झाली तिचे केंद्र प्रामुख्याने शहरी, उच्चवर्णीय घर होते. शेतात राबणाऱ्या स्त्रीचा प्रश्न त्या चौकटीत मावत नव्हता. या संदर्भात महात्मा फुल्यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ (१८८३) आणि त्याच्या आदल्याच वर्षी प्रसिद्ध झालेली ताराबाई शिंदे यांची ‘स्त्री-पुरुष तुलना’ ही दोन पुस्तके शेजारी ठेवून वाचली पाहिजेत. फुल्यांनी शेतकऱ्याच्या दैन्याची कारणे सरकारी कामगारांच्या आणि पुरोहितांच्या व्यवहारात शोधली. बुलढाण्याच्या ताराबाईंनी दोष सदैव स्त्रीच्याच माथी का मारला जातो, असा रोकडा सवाल केला. ताराबाईंच्या पुस्तकावर टीका झाली तेव्हा फुल्यांनी ‘सत्सार’मधून त्यांची बाजू घेतली. शेतकरी आणि स्त्री हे दोन प्रश्न तेथे एकमेकांच्या अगदी निकट आले होते. पण शेतकरी असलेल्या स्त्रीचा मालकीहक्क हा स्वतंत्र प्रश्न म्हणून पुढे येण्यास आणखी शंभर वर्षे जावी लागली.

विसाव्या शतकातील कायद्यांचा इतिहास वाचताना शेतजमीन पुनःपुन्हा वगळली गेल्याचे दिसते. १९३७ साली हिंदू स्त्रियांच्या मिळकतविषयक हक्काचा कायदा झाला; १९४१ मध्ये फेडरल कोर्टाने तो प्रांतांतील शेतजमिनीला लागू नसल्याचे सांगितले. त्याच १९३७ सालच्या शरियत कायद्यातूनही शेतजमीन बाजूला ठेवण्यात आली होती. स्वातंत्र्यानंतर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदू कोड बिलासाठी प्रयत्नांची पराकाष्ठा केली आणि ते मंजूर होण्यात अडथळे येत आहेत असे पाहून १९५१ साली मंत्रिपदाचा राजीनामा दिला. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने स्त्रीला संपूर्ण मालकीचा हक्क दिला, पण वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मुलगी मुलाप्रमाणे जन्मतः सहदायाद झाली नाही आणि कुळहक्काच्या वारशाचे राज्यांचे कायदे अबाधित राहिले. उत्तर प्रदेशच्या १९५० च्या जमीनदारी निर्मूलन कायद्यात विवाहित कन्येचा क्रम पुत्रांच्या मागे बऱ्याच अंतरावर होता. कसणाऱ्याला जमीन देण्याचे जे थोर कार्य जमीनसुधारणांनी आरंभिले, त्यातही कसणारा म्हणजे पुरुष, हे गृहीत कायम होते.

आंध्र प्रदेश, तामिळनाडू, कर्नाटक आणि १९९४ साली महाराष्ट्र या राज्यांनी मुलीला सहदायाद मानणाऱ्या दुरुस्त्या केल्या. महाराष्ट्राच्या दुरुस्तीचा लाभ तोपर्यंत विवाह न झालेल्या मुलींपुरता होता. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने हा भेद नाहीसा केला, शेतजमिनीबाबतचा अपवाद काढून टाकला आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क मुलीला जन्मानेच प्राप्त होतो, २००५ साली वडील हयात असण्याची अट नाही, असा निर्वाळा दिला. आता हिंदू कायद्यापुरता तरी, पुस्तकातील प्रश्न बव्हंशी सुटला आहे. असे असतानाही २०१५-१६ च्या कृषिगणनेत देशातील वहितीदारांमध्ये स्त्रियांचे प्रमाण सुमारे १४ टक्के आणि त्यांच्याकडील क्षेत्र सुमारे १२ टक्के होते. ग्रामीण भागातील काम करणाऱ्या स्त्रियांपैकी जवळजवळ तीन-चतुर्थांश शेतीवर राबतात, हे ध्यानात घेतले म्हणजे या आकड्यांचा अर्थ कळतो.

कायदा आणि व्यवहार यांच्यामधील या दरीत ‘हक्कसोडपत्र’ नावाचा एक दस्तऐवज आहे. वडिलांच्या पश्चात वारसांची नोंद होते, बहिणींची नावे लागतात आणि काही दिवसांनी त्या दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात येऊन आपला हिस्सा भावाच्या हक्कात सोडून देतात. हे नेहमीच दडपणाने घडते असे नाही. अनेकदा बहीण राजीखुशीने सही करते. या राजीखुशीचे स्वरूप समजून घेण्यासाठी पुन्हा ओवीकडे वळावे लागते.

ज्या स्त्रीच्या नावावर सासरी काही नाही, जिला नवऱ्याने टाकले अथवा वैधव्य आले तर राहावयास हक्काचे छप्पर नाही, तिच्या आयुष्यात माहेर हाच एकमेव विमा होता. आईवडील असेतोवर तो निर्धास्त होता. त्यांच्यानंतर तो भावाच्या मर्जीवर अवलंबून राहिला. ओवीतील भावाची स्तुती मायेची आहे यात शंका नाही. पण तिच्यात एक व्याकूळ आर्जवही आहे. त्याच ओव्यांतून भावजयीच्या कपाळावरच्या आठ्याही दिसतात, कारण ननंदेचे येणे हे तिच्या तुटपुंज्या संसारावरचे ओझे असते. दोन परावलंबी स्त्रिया एका पुरुषाच्या आश्रयासाठी एकमेकींकडे संशयाने पाहतात. वाटा मागितला तर माहेर तुटेल, या भयाचे मूळ येथे आहे. बहीण जमीन सोडते आणि तिच्या मोबदल्यात वर्षाकाठी साडीचोळी, दिवाळीचे चार दिवस आणि संकटकाळी एक दार उघडे असल्याचा भरवसा राखून ठेवते. या सौद्याचा दर तिने ठरविलेला नसतो. ज्या परावलंबनामुळे माहेर आवश्यक होते, तेच परावलंबन हक्कसोडपत्रावरील सहीने पुढच्या पिढीसाठी कायम होते.

‘तिचा वाटा लग्नात दिला’ हे समर्थन या ठिकाणी नेहमी पुढे केले जाते. येथेही इतिहास साक्ष देतो. बहुजन समाजातील अनेक जातींत पूर्वी वरपक्षाने वधूपक्षाला ‘देज’ देण्याची चाल होती. तीत स्त्रीच्या श्रमाचे मूल्य, विकृत स्वरूपात का होईना, मान्य केलेले होते. विसाव्या शतकात तिची जागा हुंड्याने घेतली आणि १९६१ च्या प्रतिबंधक कायद्यानंतरही ती प्रथा पसरतच गेली. देज मुलीच्या बापाकडे जाई आणि हुंडा सासऱ्याकडे जातो. मुलीच्या हाती यांपैकी काहीच येत नाही. त्याला तिचा वाटा म्हणणे हा शब्दच्छल आहे.

मालकी हाच या प्रश्नाचा आदि आणि अंत आहे, असे मात्र म्हणता येणार नाही. ज्यांच्या घरात कोणाच्याच नावावर जमीन नाही, त्या भूमिहीन आणि दलित कुटुंबांतील स्त्रीचे दुःख निराळे आहे. बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’ (१९८६) या आत्मकथनात जातीच्या उतरंडीने दडपलेल्या वस्तीतही सासुरवासाची आणखी एक उतरंड कशी असते, याचे निर्भीड चित्रण आहे. ऊसतोडणीच्या व्यवसायात नवराबायको मिळून ‘एक कोयता’ मोजला जातो आणि मुकादमाकडून मिळणारी उचल सामान्यतः नवऱ्याच्या हाती पडते. येथे सातबारा नाही, तरीही श्रम दोघांचा आणि नाव एकाचे हा नियम तसाच आहे. उलट मेघालयातील खासी समाजात घर आणि मिळकत धाकट्या मुलीकडे येते, परंतु गावाच्या पारंपरिक दरबारात निर्णय घेण्याचा अधिकार पुरुषांकडे राहिला. मालकीला निर्णयाच्या अधिकाराची जोड लाभली नाही, तर तिचे सामर्थ्य अपुरे राहते.

शेतकरी स्त्रीच्या मालकीचा प्रश्न महाराष्ट्रात चळवळीच्या पातळीवर ठळकपणे मांडला गेला तो शेतकरी संघटनेच्या व्यासपीठावरून. १९८६ साली चांदवड येथे शेतकरी महिलांचे विशाल अधिवेशन भरले आणि त्यानंतरच्या काही वर्षांत शरद जोशी यांनी ‘लक्ष्मीमुक्ती’चा कार्यक्रम हाती घेतला. घरच्या लक्ष्मीच्या ऋणातून मुक्त होण्यासाठी शेतकऱ्याने जमिनीचा काही भाग आपण होऊन पत्नीच्या नावे करावा, असे आवाहन होते आणि अनेक गावांनी त्यास प्रतिसाद दिला. या उपक्रमाचे महत्त्व निर्विवाद आहे. तथापि पत्नीच्या नावावर केलेली जमीन घरातच राहते, बहिणीला दिलेली जमीन घराबाहेर जाते. पहिले देणे पुरुषाला जमले. दुसऱ्याची कसोटी अधिक कठीण आहे आणि ती अद्याप पूर्णपणे पार पडलेली नाही.

मराठी ग्रामीण साहित्याने या स्त्रीकडे फार आस्थेने पाहिले आहे. उद्धव शेळके यांच्या ‘धग’ (१९६०) मधील कौतिक, आनंद यादव यांच्या ‘झोंबी’ (१९८७) मधील बाळंतपणे आणि शेतकाम यांच्या चक्रात पिळून निघणारी आई, या व्यक्ती वाचकाच्या मनातून पुसल्या जात नाहीत. बहिणाबाई चौधरींनी (१८८०-१९५१) अक्षरओळख नसताना शेत, घरोटे आणि माहेर यांना शब्दरूप दिले. त्यांची गाणी पुत्र सोपानदेव यांच्यामुळे कागदावर आली आणि १९५२ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली म्हणून त्यांचे नाव राहिले. ज्या असंख्य स्त्रियांच्या ओव्यांना असा लेखनिक भेटला नाही त्यांची नावे वाङ्मयाच्या इतिहासात नाहीत, जशी ती जमिनीच्या दप्तरातही नाहीत. साहित्याच्या अभ्यासकाने या ओव्या केवळ भावमधुर लोकगीते म्हणून न वाचता, ज्यांच्या हाती दुसरा कोणताही दस्तऐवज नव्हता त्यांचा तो दस्तऐवज आहे असे समजून वाचाव्यात. भावाच्या शिवाराचे इतके बारकाईने वर्णन करणारी स्त्री त्या शिवारातील बांध, विहीर आणि झाड ओळखत होती. कसणाऱ्या माणसालाच असते अशी ती ओळख होती.